हाक आणि परवानगी

रायपूरच्या जुन्या भागात तात्यापारा नावाची वस्ती आहे. ‘पारा’ हा शब्द छत्तीसगढी, ‘तात्या’ हे संबोधन मराठी. नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या हाताखाली १७४१ मध्ये या प्रदेशात उतरली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून येथला कारभार पाहू लागले. आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. राज्य गेले, तरी त्या निमित्ताने आलेली आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने येत गेलेली मराठी कुटुंबे येथे राहिली. त्यांची मराठी हळूहळू हिंदीच्या वळणावर गेली. क्रियापदे बदलली, भाजीपाल्याची नावे बदलली. पण घरातल्या माणसांना हाक मारण्याचे शब्द मात्र बदलले नाहीत. भाषा झिजू लागली की सर्वांत शेवटी झिजतात ती संबोधने. या वस्तीपासून फार दूर नसलेल्या एका घरात या गोष्टीचा जो निराळाच प्रत्यय आला, त्याची ही हकिगत आहे.

घर दोनच माणसांचे. गृहस्थ विद्युत मंडळातून निवृत्त झालेले. आयुष्याची पस्तीस वर्षे खांब, तारा आणि उपकेंद्रे यांच्या सहवासात गेलेली. त्यांच्या पत्नी शाळेत शिकवीत असत. २०१९ च्या हिवाळ्यात एका पहाटे बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. बहुतेक माणसांत भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतात, आणि शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रणही तोच अर्धा करतो. म्हणून ही दोन संकटे पुष्कळदा जोडीने येतात. वैद्यक या अवस्थेला वाचाघात म्हणते. समजत सर्व असते; शब्द मात्र ओठांशी येत नाही. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने १८६१ मध्ये ज्या रुग्णावरून भाषेचे एक केंद्र मेंदूत दाखवून दिले, त्या रुग्णाला ‘तां’ एवढे एकच अक्षर उच्चारता येत असे. क्वचित असेही होते की जाणीवपूर्वक बोलण्याचे शब्द नाहीसे होतात, पण जन्मभर सवयीने उच्चारलेला एखादा शब्द शाबूत राहतो. बाईंच्या बाबतीत तो शब्द होता, ‘अहो’.

एक शब्द उरला हे भाग्यच म्हटले पाहिजे. परंतु एकाच शब्दावर सगळा संसार चालवणे सोपे नसते. पंखा लावा, तरी ‘अहो’. पंखा बंद करा, तरी ‘अहो’. दिवा, पाणी, कूलर, कूस बदलणे, या सर्वांसाठी तोच एक शब्द. गृहस्थ प्रत्येक वेळी उठून येत आणि एकेका वस्तूकडे बोट दाखवीत. बाई मान हलवून नकार देत, आणि हवी ती वस्तू आली की डोळे मिटत. त्यांना त्रास कसला होता, हे गृहस्थांच्या ध्यानात यायला वर्ष लागले. उठून यावे लागते याबद्दल त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नव्हती. पण चाळीस वर्षे ज्या शब्दात थट्टा होती, रुसवा होता, संध्याकाळच्या चहाची आठवण होती, तो शब्द आता केवळ मागणीचा झाला होता. बाई तो उच्चारायला कचरू लागल्या होत्या. कित्येकदा घाम पुसत पडून राहत, पण हाक मारीत नसत.

गृहस्थांनी यावर जो उपाय केला तो त्यांच्या धंद्याला धरून होता. मोठ्या बटनांची एक लाकडी पेटी त्यांनी बाईंच्या डाव्या हाताशी बसवली. पाच बटने, प्रत्येकावर रंगीत चित्र: पंखा, कूलर, दिवा, खिडकीचा पडदा, आणि पाचवे, स्वयंपाकघरात घंटा वाजवणारे. पेटीत अर्डुइनो जातीचा एक छोटा पट्टा, खिडकीशी तसाच दुसरा पट्टा आणि त्याला जोडलेले रिले. आणि दोहोंच्या मध्ये रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, ज्यावर लिनक्स चाले. मधला संगणक नुसता निरोप्या नव्हता. कूलरच्या टाकीत पाणी आहे की नाही हे तो पाहत असे आणि टाकी कोरडी असेल तर पंप चालू देत नसे. कारण कोरडा पंप जळतो, आणि रायपूरच्या मे महिन्यात कूलरचा पंप जळणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

या तीन यंत्रांचे आपसांतले बोलणे सीरियल पोर्टमधून चाले. या पद्धतीत अक्षरे एकामागून एक, एकाच तारेवरून जातात. प्रत्येक अक्षराचे आठ अंश, पुढे आरंभाची एक खूण आणि मागे समाप्तीची एक. असे दहा अंश मिळून एक अक्षर पोहोचते. सेकंदाला ९६०० अंश हा वेग धरला तर सेकंदाला ९६० अक्षरे झाली. आजच्या मानाने हा वेग गोगलगायीचा. पण बटन दाबल्याचा निरोप एका अक्षराचा असतो, त्याला एवढा वेग रग्गड होतो. अट एकच, दोन्ही टोकांनी वेग आधी ठरवून घेतला पाहिजे. एक ९६०० ने बोलला आणि दुसरा ११५२०० ने ऐकू लागला, तर निरोप पोहोचतो पण अर्थ पोहोचत नाही. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसांना हा अनुभव नवा नाही. याच रायपुरात ज्यांचे अखेरचे दिवस गेले ते माधवराव सप्रे जन्मभर हेच काम करीत होते. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले, ते दोन्हीकडचा वेग ओळखून.

दोन वर्षे ही व्यवस्था बिनतक्रार चालली. बाईंच्या डाव्या हाताला पेटीची सवय झाली, आणि घरात ‘अहो’ कमी वेळा ऐकू येऊ लागले. मग २०२२ च्या मे महिन्यात, एका दुपारच्या वादळात वीज गेली आणि आली ती अधिक दाबाने आली. रास्पबेरी पाय जळाला. अर्धवाहकांच्या जागतिक टंचाईमुळे त्या वर्षी तो संगणक बाजारात मिळेनासा झाला होता. गृहस्थांनी पुण्याच्या पुतण्याने टाकून दिलेला जुना लॅपटॉप काढला, त्यावर एप्रिलमध्येच निघालेली उबुंटूची २२.०४ ही आवृत्ती घातली, आपला पायथनमधला छोटा कार्यक्रम जपून ठेवलेल्या प्रतीवरून त्यावर उतरवला, दोन्ही केबली जोडल्या, आणि काहीही झाले नाही. बटन दाबले तरी कूलर जागचा हलेना.

येथून तीन दिवसांचा शोध सुरू झाला. विद्युत मंडळात शिकलेली पहिली गोष्ट अशी की दोष शोधताना एका टोकापासून निघावे आणि मधल्या मध्ये उडी मारू नये. त्यांनी केबल बदलून पाहिली, पट्ट्यावरचा दिवा लागतो याची खात्री केली, मग संगणकाच्या गाभ्यातली नोंदवही उघडली. लिनक्समध्ये प्रत्येक जोडलेल्या वस्तूची नोंद होते. वस्तूला जणू दारावरच नाव लिहावे लागते. नोंद स्पष्ट होती: सीएच-३४० चिप आली, तिला टीटीवाय-यूएसबी-शून्य हे नाव मिळाले, आणि लगेच पुढच्याच ओळीत, तिचा संबंध तुटला. दार उघडून आत आलेल्या पाहुण्याला क्षणात कोणीतरी बाजूला नेले होते. नेणाऱ्याचे नावही तेथेच होते: बीआरएलटीटीवाय.

हा कार्यक्रम अंधांसाठी आहे. पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या उठावदार ठिपक्यांच्या पट्टीवर उमटवणे हे त्याचे काम. १९९५ पासून तो चालत आला असून त्याच्या आरंभीच्या कर्त्यांत निखिल नायर हे नाव आढळते. या कार्यक्रमाच्या नियमांत कोणकोणती यंत्रे ब्रेलची समजावीत त्यांची यादी असते. अमेरिकेत अंध वाचकांना वापरायला दिल्या जाणाऱ्या एका ब्रेल वाचनयंत्रात हीच सीएच-३४० जातीची स्वस्त चिप आहे, आणि चिपेची ओळख सर्वत्र एकच. तेव्हा गृहस्थांचा पट्टा जोडला जाताच कार्यक्रमाची समजूत झाली की कोणी अंध मनुष्य आपली पट्टी घेऊन आला आहे, आणि त्याने ती तत्परतेने आपल्या हाती घेतली. लबाडी कोणाचीच नव्हती. सौजन्याचा प्रमाद होता.

पुतण्याला फोन लागला. तो म्हणाला, “काका, तो कार्यक्रम काढूनच टाका. सगळे तेच करतात. आपल्या घरात ब्रेल कोण वाचतंय?”

सल्ला व्यवहाराचा होता. गृहस्थ मात्र थोडा वेळ गप्प राहिले. ज्याचे डोळे गेले आहेत अशा मनुष्याला, दुसऱ्या कोणाला न बोलावता, यंत्र जोडताक्षणी वाचता यावे, एवढ्यासाठी कोणीतरी तो नियम लिहिला होता. त्यांनी स्वतः पेटी केली होती ती याहून निराळ्या कारणासाठी नव्हे. “काढत नाही,” ते म्हणाले. “एकच ओळ आपल्याला आड येते. तेवढी थांबवतो.” नियमांची फाईल त्यांनी स्थानिक बदलांसाठी राखलेल्या जागी उतरवून घेतली, त्या चिपेची ओळ तिच्यात निष्क्रिय केली आणि केबल पुन्हा जोडली. या वेळी टीटीवाय-यूएसबी-शून्य आले आणि राहिले.

तरीही कूलर लागेना. आता यंत्र निराळेच बोलत होते: परवानगी नाही.

हे शब्द वाचून दुसरा कोणी चिडला असता. ज्याने उच्चदाबाच्या तारांवर काम केले आहे त्याच्या कानाला ‘परवानगी’ हा शब्द वेगळा लागतो. तारेला हात लावण्यापूर्वी लाइनमनला लेखी परमिट घ्यावे लागते. ते देणाऱ्याने प्रवाह बंद केलेला असतो, आणि काम संपून ते परत मिळाल्याशिवाय प्रवाह चालू करायचा नसतो. परमिट म्हणजे अडवणूक नव्हे. कोणाचा तरी जीव त्या कागदावर असतो. म्हणून परवानगी नाकारली गेली तेव्हा ती कोणाला असते, हा प्रश्न त्यांना प्रथम सुचला.

लिनक्समध्ये यंत्राच्या प्रत्येक दाराला एक धनी असतो आणि एक गट. या दाराचा धनी होता मूळ प्रशासक, आणि गट होता ‘डायलआउट’. धनी व गट यांना वाचण्यालिहिण्याची मुभा. इतरांना काहीच नाही. जळालेल्या रास्पबेरी पायवर पहिल्या वापरकर्त्याला या गटात आपोआप घेतलेले असते. उबुंटू तसे करीत नाही. तोच मनुष्य, तोच कार्यक्रम, तीच तार. जुन्या घरी तो घरचा होता, नव्या घरी परका.

गटाचे नावही विचार करायला लावणारे आहे. सीरियल पोर्टला एकेकाळी मोडेम जोडलेला असे आणि मोडेम टेलिफोनवरून बाहेर नंबर फिरवीत असे. बाहेरचा फोन म्हणजे बिल. तेव्हा बाहेर फोन लावण्याची मुभा ज्यांना द्यायची त्यांचा हा गट. ज्यांनी १९८० च्या दशकात कचेऱ्यांतून टेलिफोनच्या तबकडीला लावलेले चिमुकले कुलूप पाहिले आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. गृहस्थांच्या उपकेंद्रातही तसे कुलूप होते आणि किल्ली त्यांच्याच खिशात असे. मोडेम गेले, तबकड्या गेल्या, नाव राहिले. किंबहुना दाराच्या नावातले ‘टीटीवाय’ त्याहूनही जुने. ते टेलिटाइपरायटरचे संक्षिप्त रूप. १९६९ मध्ये युनिक्सचा आरंभ झाला तेव्हा संगणकाशी माणूस त्या खडखडणाऱ्या यंत्रावरून बोलत असे. १९९१ मध्ये लिनक्स आले ते युनिक्सचाच वळसा गिरवीत. तात्या कोण होते हे न विचारता रायपूरकर जसा तात्यापाऱ्यात उतरतो, तसाच हा व्यवहार. नावे आपल्या कारणांपेक्षा दीर्घायुषी असतात.

पुतण्याने पुन्हा दोन सोपे मार्ग सुचवले. एक, कार्यक्रम प्रशासकाच्या अधिकाराने चालवावा; दोन, ते दार सर्वांसाठी सताड उघडावे. दुसरा मार्ग टिकाऊ नाही, कारण केबल काढून घातली की दार नव्याने तयार होते आणि मुभा पूर्ववत होतात. पण गृहस्थांची हरकत त्याहून मूळची होती. “फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी जाड तार घालणारे मी पुष्कळ पाहिले,” ते म्हणाले. “उजेड पडतो, आणि एके दिवशी घर पेटतं.” त्यांनी स्वतःचे नाव डायलआउट गटात घातले. आज्ञा एका ओळीची होती. ती देताना आधीच्या गटांतून नाव निघू नये म्हणून ‘आणखी’ या अर्थाचे एक अक्षर तिच्यात असावे लागते. ते विसरणारा मनुष्य नव्या गटात जातो आणि जुन्या सर्व गटांतून बाहेर पडतो.

आज्ञा स्वीकारली गेली. तरीही परवानगी नाही.

ती रात्र दुसरी. बाहेर रात्रीही भिंती तापलेल्या होत्या. कूलर हातानेच लावला होता. मध्यरात्री वीज गेली आणि परत आली, पण हाताने चालवलेल्या जोडणीतला रिले पुन्हा चढला नाही आणि कूलर बंदच राहिला. दोनच्या सुमारास गृहस्थ पाणी प्यायला उठले तेव्हा त्यांना दिसले की बाई जाग्या आहेत, उशी भिजलेली आहे, आणि डावा हात पेटीवर आहे. कूलरचे बटन त्या पुन:पुन्हा दाबीत होत्या. किती वेळ, कोण जाणे. हाक त्यांनी मारली नव्हती. त्यांनी कूलर लावला, त्यांचा चेहरा ओल्या फडक्याने पुसला, आणि मग त्या रात्री ते झोपले नाहीत.

पहाटे त्यांना उलगडले. कोणता मनुष्य कोणत्या गटात आहे हे यंत्र प्रवेशाच्या वेळी पाहते, आणि त्या क्षणी जी यादी हाती दिली जाते तीच घेऊन तो आत वावरतो. आत असताना दाराबाहेरच्या वहीत त्याचे नाव नव्या गटात लिहिले गेले, तरी त्याच्या हातातली यादी जुनीच राहते. त्याने एकदा बाहेर जाऊन पुन्हा आत यावे लागते. लायक ठरणे आणि लायक म्हणून ओळखले जाणे यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. त्यांनी यंत्र सरळ बंद करून पुन्हा सुरू केले आणि विचारले, मी कोणत्या गटांत आहे? उत्तरात डायलआउट होते. कार्यक्रमाने दार उघडले आणि पेटीतून आलेले पहिले अक्षर पडद्यावर उमटले.

उरला एक दोष. दोन्ही पट्ट्यांच्या चिपा एकाच जातीच्या असल्याने जो आधी ओळखला जाई त्याला ‘शून्य’ मिळे आणि दुसऱ्याला ‘एक’. यंत्र पुन्हा सुरू केले की क्रम उलटण्याचा संभव होता. मग पेटीला रिले समजून आज्ञा जात राहिल्या असत्या. लिनक्स वस्तूंना ओळखीवरूनही नावे देते, परंतु या स्वस्त चिपांवर अनुक्रमांक नसतो. जुळ्या भावांना जन्मखूणही नसावी तसे. अशा वेळी ते कोणत्या खाचेत बसले आहेत, यावरून ओळखावे लागते, आणि तशीही नावे यंत्र तयार ठेवते. गृहस्थांनी कार्यक्रमात ती नावे लिहिली आणि लॅपटॉपच्या दोन्ही खाचांवर खडूने खुणा केल्या: ‘पेटी’ आणि ‘खिडकी’.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास बाईंनी बटन दाबले. रिले खट्ट वाजला, पंपाने पाणी ओढले, वाळ्याच्या ताट्यांतून गार वारा आला. त्यांनी लगेच पुन्हा दाबून कूलर बंद केला, आणि पुन्हा लावला. असे चार-पाच वेळा केले. आवश्यकता काहीच नव्हती. हवे तेव्हा लावता येते आणि नको तेव्हा बंद करता येते, हे त्या पडताळून पाहत होत्या.

घरातली यंत्रे आपोआप चालावीत या हौसेमागे पुष्कळांच्या मनात आराम असतो, काहींच्या मनात दिमाखही असतो. या घरात त्याचा अर्थ निराळा होता. निरोगी मनुष्य दिवसातून किती गोष्टी कोणालाही न विचारता करतो, याची मोजदाद तो ठेवीत नाही. ज्याला प्रत्येक झुळुकीसाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागते त्यालाच ती ठाऊक असते. यंत्राने तीन दिवस ज्या परवानग्या मागितल्या त्या सर्व गृहस्थांनी रीतसर मिळवल्या, त्या एवढ्याचसाठी की दुसऱ्या कोणाला त्या मागाव्या लागू नयेत.

पाचव्या, घंटेच्या बटनाची गोष्ट सांगायची राहिली. ते उत्तम चालते. गृहस्थ दर महिन्याला तपासून पाहतात. बाईंनी मात्र ते आजवर एकदाही दाबलेले नाही. त्या दिवशी ऊन उतरल्यावर, पंखा चालू, कूलर चालू, पडदा सरकवलेला, दिवा लागलेला असताना, त्यांनी हाक मारली, “अहो.” गृहस्थ आले, आणि सवयीने एकेका वस्तूकडे बोट दाखवू लागले. बाईंनी प्रत्येक वेळी मान हलवली. मग डाव्या हाताने पलंगाची कड थोपटली. ते बसले. त्यांना काहीही नको होते.